आधी चारा उगवू द्या, मग दावणीला जनावर बांधा

पुरंदर तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. यजमान एप्रिलमध्ये निवृत्त होत आहेत आणि जूनपासून दोघं गावी राहायला जाणार आहेत. सासऱ्यांकडून आलेली 20 गुंठे जमीन आहे, जुनं पत्र्याचं घर आहे, बोअर आहे. बोअरला "जानेवारीत दीड इंच पाणी होतं" असं त्या लिहितात. मनातली यादी अशी: दोन गीर गायी, दहा शेळ्या, शंभर गावरान कोंबड्या, घरापुरती भाजी आणि थोडी फळझाडं. त्या विचारतात: सुरुवात कशाने करावी, गायी लगेच आणाव्यात का, आणि लग्नकार्याला गाव सोडून जायचं झालं तर या सगळ्याचं काय करायचं?

ताई, नमस्कार. गायींचं उत्तर आधी देतो: लगेच आणू नका. तुमच्या यादीतलं काहीच चुकीचं नाही, पण ते सगळं 20 गुंठ्यांत बसत नाही, आणि हे आकडेमोड केल्याशिवाय दिसत नाही. म्हणून ती आधी मांडू.

दूध देणाऱ्या एका गायीला दिवसाला 20 ते 25 किलो हिरवा चारा लागतो, शिवाय 5-6 किलो कडबा आणि खुराक. मोठ्या शेळीला 4 किलो हिरवा चारा आणि किलोभर वाळला. म्हणजे दोन गायी आणि दहा शेळ्यांना रोज 90 किलो हिरवा चारा हवा. संकरित नेपियर, ज्याला आपण हत्तीघास म्हणतो, नीट पाणी-खत दिलं तर गुंठ्याला वर्षाकाठी दीड टनापर्यंत जातं. सरासरी काढली तर रोज 4 किलो. 90 किलोसाठी 22-23 गुंठे निव्वळ चाऱ्याखाली लागतील. तुमची एकूण जमीनच 20 गुंठे आहे. चारा विकत घेऊन जनावरं सांभाळता येतात, पण मग तो दुधाचा धंदा होतो आणि त्याचं गणित वेगळं असतं. घरची बाग आणि घरचं दूध-अंडं असं जे तुम्हाला हवं आहे, ते जनावरांची संख्या चाऱ्यावरून आणि चारा मे महिन्यातल्या पाण्यावरून ठरवली तरच टिकतं.

म्हणून पाण्याकडे आधी बघा. जानेवारीतलं पाणी हिशेबात धरायचं नाही. एप्रिलच्या शेवटी आणि पुन्हा मेच्या मध्यावर 200 लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवा आणि भरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. दहा मिनिटं लागली तर तासाला 1200 लिटर. पण पहिला ड्रम फसवतो, कारण बोअरमध्ये साठलेलं पाणी आधी येतं. मोटर सलग दोन तास चालवा आणि शेवटचा ड्रम मोजा. मध्येच पाणी तुटून हवा यायला लागली तर किती वेळाने तुटलं आणि किती वेळाने परत आलं, हेही लिहून ठेवा. शेजारच्या दोन-तीन विहिरी-बोअर कोणत्या महिन्यात आटतात, ते गावात विचारा.

मे महिन्यात एका गुंठा हत्तीघासाला ठिबकवर रोज साधारण 500 लिटर पाणी लागतं. चार गुंठ्यांचे झाले 2000. उन्हाळी भाजी अर्धा गुंठा ठेवली तर तिचे 250, लहान फळझाडांचे तेवढेच, घराचे 400, आणि चार शेळ्या व वीस कोंबड्यांना पिण्याचे 50-60 लिटर. रोजचे 3000 लिटर धरून चला. शेतीपंपाची वीज आठ तास, तीही पाळीप्रमाणे कधी रात्री, म्हणून किमान 10,000 लिटरची टाकी उंचावर हवी. ती भरलेली असली की मोटर जळाली किंवा रोहित्र गेलं तरी तीन दिवसांची सोय होते. घराच्या पत्र्याला पन्हाळी लावा. 1000 चौरस फूट पत्र्यावर 500 मिलिमीटर पाऊस पडला तर वाया जाणारं सोडून 37,000 लिटरच्या आसपास पाणी हाती लागतं. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, नंतरचं गाळणीतून बोअरच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात घाला.

मोजणीनंतर मेमध्ये रोजचे 3000 लिटर मिळत नाहीत असं दिसलं, तर चाऱ्याचे गुंठे कमी करा आणि त्याच प्रमाणात शेळ्या कमी करा. टँकरवर जनावरं सांभाळायची वेळ येऊ देऊ नका.

पाणी पुरेल असं धरून जमिनीची वाटणी अशी करता येईल: घर-अंगण 2 गुंठे, गोठा-खुराडं-खत मिळून दीड, भाजी 2, बागायती चारा 4, फळझाडं 4, कोरडवाहू पट्टा 5, राहिलेलं वाट आणि बांधाला. कोरडवाहू पट्टा अनेकजण वाया गेलेली जागा समजतात. पण त्यात बाजरी आणि तूर घेतली की घरात धान्य-डाळ येते आणि तुरीचं भुसकट शेळ्यांना मिळतं. शेळी ते कडब्यापेक्षा आवडीने खाते.

गोठा उंचवट्यावर, निचरा होईल तिथे बांधा. आपल्याकडे पावसाळ्यात वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, त्यामुळे गोठा घराच्या पूर्वेला ठेवा, वास आणि माश्या घरात येणार नाहीत. लांबी पूर्व-पश्चिम, पश्चिमेची आखूड बाजू बंद. खतखड्डा गोठ्याच्या उताराला आणि भाजीच्या वाफ्यांच्या वरच्या अंगाला असावा, म्हणजे खताची पाटी चढावर न्यावी लागत नाही.

जनावरांआधीचा मोठा खर्च कुंपणाचा. जमीन 132 बाय 165 फुटांची धरली तर घेर जवळपास 600 फूट होतो. पाच फुटी चेनलिंक जाळी, खालची कड जमिनीला घट्ट. आतल्या बाजूने तीन फूट सोडून शेवरी, हादगा, सुबाभूळ आणि गिरिपुष्पाची ओळ लावा. हा बांधावरचा पाला मार्च ते मेमध्ये, पाणी कमी पडून हत्तीघास मंदावतो तेव्हा, शेळ्यांना तारतो. सुबाभळीत मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हणून तिचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. गिरिपुष्पाचा पाला सुकवून दिला तर शेळ्या हळूहळू स्वीकारतात. कुंपणाला कण्हेर अजिबात लावू नका, लावलेली असेल तर काढा; तिची थोडी पानंसुद्धा शेळीचा जीव घेतात. घाणेरीही उपटून टाका.

चारा जून-जुलैत, पाऊस लागला की लावायचा. तीन गुंठे हत्तीघास आणि एक गुंठा लसूणघास. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले यशवंत आणि फुले जयवंत हे हत्तीघासाचे वाण आपल्या भागात चांगले येतात. तीन-चार महिने वयाच्या ताटाचा मधला भाग घ्या, दोन डोळ्यांची कांडी करा आणि एक डोळा मातीत, एक वर अशी तिरपी लावा. अंतर 3 बाय 2 फूट. गुंठ्याला 180 कांड्या लागतात, तूट धरून 200 आणा. लसूणघास मात्र पावसाळ्यात पेरू नका, तण दाबून टाकतं आणि मूळ कुजतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरा.

हत्तीघासाची पहिली कापणी 70-75 दिवसांनी, पुढच्या दर 40-45 दिवसांनी. इथेच नवखे लोक चुकतात. चारा एकदम कापतात, तो दोन दिवसांत पिवळा पडतो, आणि पुढचा महिनाभर कापायला काही राहत नाही. तीन गुंठ्यांचे 45 पट्टे पाडा, प्रत्येक साधारण 8 बाय 9 फुटांचा. रोज एक पट्टा कापा आणि त्याच दिवशी त्यावर शेणखत किंवा मुताचं पाणी टाका. शेवटच्या पट्ट्यापर्यंत पोचाल तेव्हा पहिला पुन्हा तयार असेल. बुडखा चार-पाच बोटं ठेवून कापा. जमिनीलगत खरडलं तर फुटवे मरतात. फार कोवळा कापला तर त्यात ऑक्झलेट जास्त असतं आणि ते जनावराच्या अंगातला कॅल्शियम खातं. फार जून झाला तर शेळी पानं ओढून घेते आणि धांडं तसंच टाकते. डिसेंबर-जानेवारीत थंडीने वाढ मंदावते, तेव्हा पट्ट्याचं अंतर 55-60 दिवसांवर जातं. त्या दिवसांत लसूणघास आणि भुसकटावर भर द्या. लसूणघास सकाळी कापून दुपारपर्यंत सुकू द्या. दवाने ओला, कोवळा लसूणघास रिकाम्या पोटी दिला की पोटफुगी ठरलेलीच.

कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये, ज्वारीची काढणी झाली की लगेच घ्या. मे-जूनमध्ये तोच कडबा कितीतरी महाग मिळतो. चार शेळ्यांना वर्षाला सुमारे दीड टन वाळली वैरण लागते, त्यातली थोडी तुमच्या कोरडवाहू पट्ट्यातून निघेल. गंज दगड-लाकडाच्या पायावर रचा आणि वर ताडपत्री बांधा. काळी बुरशी आलेली पेंढी जनावराला देऊ नका, गाभण शेळीला तर नाहीच.

जूनला राहायला गेलात, चारा लावलात, की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कोंबड्या आणा. शंभर नकोत. शंभर कोंबड्या दिवसाला 10-11 किलो खाद्य खातात आणि ते सगळं विकतचं असतं. घराला आणि पाहुण्याराउळ्याला वीस पुरतात. ग्रामप्रिया ही अंड्यांसाठी तयार केलेली सुधारित जात परसात चांगली रुळते. अस्सल गावरान वर्षाला 60-80 अंडी देते, ग्रामप्रिया त्याच्या दुपटीहून जास्त, पण ती खुडूक होऊन पिल्लं काढत नाही. दोन-तीन गावरान माद्या अंडी उबवायला ठेवा. एक दिवसाची पिल्लं पहिल्या वर्षी घेऊ नका. त्यांना आठवडाभर 35 अंश ऊब लागते, रात्री वीज गेली की ती एकमेकांखाली चेंगरून मरतात, आणि त्यांत निम्मे कोंबडे निघतात. सहा ते आठ आठवड्यांची, वाढवलेली पिल्लं घ्या. राणीखेत (म्हणजे मानमोडी) आणि गंबोरो या दोन रोगांच्या लसी कोणत्या तारखेला दिल्या ते विचारा. राणीखेतची आठव्या आठवड्याच्या सुमाराची लस राहिली असेल तर ती तुम्हाला द्यावी लागेल.

खुराडं रात्रीपुरतं: पक्ष्याला दोन चौरस फूट, चार-पाच माद्यांमागे अंडी घालायला एक खोकं, त्यात कोरडं गवत. जाळी अर्ध्या इंची वेल्डमेशची घ्या. षटकोनी तारेची साधी जाळी कुत्रा दातांनी फाडतो आणि मुंगूस तिच्यातून वाट काढतं. जाळी फूटभर जमिनीत गाडा. कोंबड्या सकाळी दहा-अकराच्या आधी सोडू नका, बहुतेक अंडी तोवर खोक्यात घातली जातात. लवकर सोडल्या तर झुडपात घालतील. भाजीच्या वाफ्यांत त्यांना फक्त पीक निघाल्यावर सोडा. मेथीचा कोवळा वाफा वीस कोंबड्या अर्ध्या तासात उकरून मोकळा करतात. अंड्याची कवचं मऊ यायला लागली की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, त्या लागेल तेवढा खातात.

शेळ्या नोव्हेंबरमध्ये, चारा दोनदा कापून झाल्यावर. चारच घ्या. उस्मानाबादी घ्या किंवा संगमनेरी, दोन्ही आपल्या हवेला टिकतात, उस्मानाबादीत जुळी करडं जास्त. बाजारातून मोटारीत भरून आणण्यापेक्षा माहितीतल्या माणसाकडून, दुसऱ्या वेताची, तीन महिने गाभण शेळी घ्या. गाभणकाळ पाच महिन्यांचा असल्याने दोन महिन्यांत करडं दिसतात. दात बघा, कास दाबून बघा, दोन्ही सडांतून दूध येत होतं का ते विचारा. ती तिथे काय खात होती तोच चारा चार-पाच दिवसांपुरता बरोबर आणा आणि आठवडाभरात हळूहळू बदला. पहिले तीन आठवडे नवी शेळी वेगळी बांधा. बोकड पाळू नका. गावातला चांगला बोकड वापरा, मात्र त्याच बोकडाच्या पोटच्या पाठीला, म्हणजे तरुण मादीला, पुन्हा तोच लावू नका.

गोठा 10 बाय 12 फुटांचा पुरेल, पुढे दुप्पट मोकळी जागा जाळीने बंदिस्त. जमीन मुरमाची, धुम्मस करून बसवलेली. कोबा केला की मूत साठतं आणि खुरं सडतात. दर सहा महिन्यांनी वरचा चार बोटं मुरूम खरवडून शेतात टाका आणि नवा भरा. गव्हाण जमिनीपासून दीड-दोन फूट उंच हवी. पायाखाली पडलेला, लेंडीचा वास लागलेला चारा शेळी पुन्हा तोंडात घेत नाही, मग चार शेळ्यांचा चारा तिघींनासुद्धा पुरत नाही.

शेळ्या कशाने दगावतात हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक मरतुक टळण्यासारखी असते. पहिलं कारण घरातलंच: सणावाराला उरलेला भात, शिळ्या भाकऱ्या, पुरणपोळ्या, सांडलेली ज्वारी. शेळी हावरेपणाने खाते, पोटात आम्ल वाढतं, ती दात खाते, पातळ हगते, सुस्त पडते आणि दुसऱ्या दिवशी जाते. भाकरी दिलीच तर मूठभर. चुकून जास्त खाल्लं असेल तर डॉक्टर येईपर्यंत 15-20 ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजा. पोटफुगीत डावी कूस ढोलासारखी तटतटते, तेव्हा 50-60 मिली गोडेतेल पाजा आणि शेळीला उभी ठेवा, आडवी पडू देऊ नका. काहीही पाजताना मान वर ओढायची नाही, तोंड पाठीच्या रेषेत ठेवायचं आणि गालाच्या कडेने थोडं थोडं सोडायचं. मान उंच केली की औषध फुप्फुसात जातं आणि शेळी औषधानेच मरते.

दुसरं कारण पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत. आंत्रविषाराने गोठ्यातलं सगळ्यात गुबगुबीत करडू एका रात्रीत जातं. त्याची लस मेमध्येच द्यायची, पहिल्या वर्षी दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्राही. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग), घटसर्प, लाळखुरकूत यांच्या लसींच्या तारखा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन ठरवून घ्या. जंतनाशक पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, शक्यतो लेंडी तपासून. अल्बेंडाझोल गाभणकाळाच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात देऊ नका, करडू सदोष जन्मतं. तिसरी गोष्ट कोवळ्या ज्वारीची: फुलोऱ्याआधीची, पाण्याच्या ताणाने खुरटलेली किंवा खोडव्याची ज्वारी खाल्ली की किराळ लागते आणि जनावर काही मिनिटांत कोसळतं. शेजाऱ्याच्या कापलेल्या रानात शेळ्या सोडण्याआधी तिथे फुटवा आहे का ते बघा. करडू जन्मलं की तासाभरात चीक पाजा. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात 200 मिली, तीन-चार वेळा विभागून. नाळ दोन बोटांवर बांधून कापा आणि टिंचर आयोडीनमध्ये बुडवा.

भाजीबद्दल थोडक्यात, कारण ती तुम्ही शहरातही थोडीफार करता असं लिहिलं आहे. वाफे साडेतीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. मेथी-पालक-कोथिंबीर एकदम न पेरता दर दहा-बारा दिवसांनी एक वाफा पेरा. पावसाळ्यात दोडका, दुधी, भेंडी, गवार. थंडीत वांगी, टोमॅटो, कांदा, लसूण, गाजर. उन्हाळ्यात फक्त अर्धा गुंठा, चवळी-गवारीवर. खतासाठी पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नाडेप पद्धतीचं विटांचं हौद बांधा. मूळ माप 10 बाय 6 बाय 3 फूट, विटांमध्ये हवेला भोकं ठेवून. तुम्हाला निम्म्या लांबीचं पुरेल. लेंडी कडक असते, रात्रभर भिजवून मगच थरात घाला, नाहीतर चार महिन्यांनीही तशीच निघते. कोंबडीची ताजी विष्ठा थेट रोपाला देऊ नका, मुळं जळतात.

फळझाडांत तुमच्या तालुक्याचं सीताफळ हेच मुख्य ठेवा. पाणी कमी लागतं आणि त्याच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही. दहा सीताफळं, दोन अंजीर, दोन पेरू, दोन लिंबं. न्हाणीच्या पाण्यावर केळी. खड्डे मेमध्ये खणून उन्हात तापू द्या.

आता गायी. वर्षभर थांबा. पुढच्या मेमध्ये टाकीत पाणी, पट्ट्यात चारा आणि गंजीत कडबा शिल्लक असेल, तरच एका गायीचा विचार करा, तोही निम्मा चारा विकत घ्यायची तयारी ठेवून. एक गाय वर्षभर दूध देत नाही, विण्याआधी दोन महिने तरी आटवावी लागते. रोज 60-70 लिटर पाणी निव्वळ पिण्याला लागतं. आणि कालवड झाली नाही, खोंड झाला, तर त्याचं काय, हे आधी ठरवा. 2015 च्या कायद्याने राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे कामाचा नसलेला खोंड विकला जाणं अवघड असतं आणि तो आयुष्यभर पोसावा लागतो. लिंगवर्गीकृत रेतमात्रा वापरली तर कालवडीची शक्यता पुष्कळ वाढते, खात्री मात्र नसते. गीर घेतलीत तर सलग तीन धारा स्वतः समोर उभं राहून काढून घ्या. एक वेळ न पिळता कास भरून दाखवलेली गाय दुप्पट दुधाची वाटते. तोवर दूध शेजारून रतीबाने घ्या.

लग्नकार्याचं विचारलंत, ते पहिल्या महिन्यापासून मनावर घ्या. शेजारचं एक घर ठरवा, अंडी-दुधाची देवघेव सुरू करा आणि त्यांना महिन्यातून एक दिवस सगळं काम तुमच्यासमोर करायला सांगून त्याचे पैसे द्या. नुसतं तोंडी सांगून गेलात तर चारा पडतो, पण पाण्याच्या भांड्याकडे कोणी बघत नाही. गोठ्याच्या दारावर आतून कागद चिकटवा: कोणता पट्टा कापायचा, खुराक किती मापं, कोणती शेळी कोणत्या आठवड्यात विणार, कोंबड्या कधी आत घ्यायच्या, आणि पशुवैद्यकाचा फोन. विणीच्या आधी-नंतरचा आठवडा मात्र दोघांपैकी एकाने घरी थांबायला हवं.